किलिमांजारोवर झेंडा कुठला न्यायचा? (आणि इतर घरगुती भांडणं)

गवतीचहा | ९ मे

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आलीच.

जुलैत आम्ही टांझानियात किलिमांजारो चढायला चाललोय. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि लेक (वय १७). साबा (म्हणजे सासूबाई, वय ७२) सध्या सहा महिने आमच्याकडे आहेत. त्यांना एकटं कुठे ठेवणार, म्हणून त्याही येणार. त्या चढणार नाहीत, पायथ्याच्या मोशी गावात गेस्टहाऊसवर थांबतील. आम्ही ओहायोत १९ वर्षं आहोत. नवरा वाईचा, मी डोंबिवलीची. लेक इथलीच.

मार्ग लेमोशो, आठ दिवसांचा. तयारीबद्दल विचारायचंच आहे, पण खरा प्रश्न वेगळा आहे. नवऱ्याने दोन झेंडे मागवले, एक तिरंगा आणि एक भगवा. पार्सल उघडलं तेव्हा लेक समोरच बसली होती. म्हणाली, "बाबा, तू ने. माझ्या हातात देऊ नकोस."

मग जे व्हायचं ते झालं. नवरा म्हणाला, लाज वाटते का? ती म्हणाली, लाज नाही, कंटाळा. दुसरीत असताना शाळेच्या इंटरनॅशनल डेला तिला घागरा घालून हातात तिरंगा देऊन उभं केलं होतं, कारण वर्गात भारतीय ती एकटीच. वाईला गेली की चुलत भावंडं तिला नावाने हाक मारत नाहीत, 'ए अमेरिका' म्हणतात. "तिकडे मी इंडिया, इकडे मी अमेरिका. एक फोटो असा असू दे ना, ज्यात मी कोणालाच रिप्रेझेंट करत नाहीये."

तिचं एक ठीक, पण मग नवऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तू कुठला धरणार?" मी दोन वर्षांपूर्वी शपथ घेऊन अमेरिकन झाले, तो अजून ग्रीन कार्डावर आहे. हा टोमणा होता की प्रश्न, मला कळलं नाही. मी कुकर लावायला उठले.

तर, तुमच्यापैकी जे बाहेर राहतात आणि असे कुठे कुठे चढतात, ते काय करतात? आणि थंडीचे हातमोजे कुठले घ्यावेत?

---

घाटवाट | ९ मे

झेंड्याचं नंतर बघू, आधी पायाचं बोलतो. मी सात वर्षांपूर्वी माचामे मार्गाने जाऊन आलोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपली कळसूबाई १६४६ मीटर. लेमोशोला तुम्ही चालायला सुरुवात कराल तीच त्याच्या चांगली वर. आणि तिथून ५८९५ मीटरला जायचंय. चढ म्हणून विचाराल तर अवघड काही नाही. दोर नाही, खिळे नाहीत. बरांको वॉल म्हणून एक कातळ आहे, तिथे हात लावून चढावं लागतं, पण ज्याने सह्याद्रीतली एखादी नाळ केली आहे त्याला ती गंमतच वाटेल. मारतं ते हवेचं विरळपण. वरती श्वासागणिक ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा मिळतो.

सह्याद्रीवाल्यांची खोड अशी की आपण धावतो. सकाळी लोकल पकडून जायचं, दुपारी माथ्यावर भाकरी, रात्री घरी. तिथे हे केलंत की संपलात. गाइड दिवसभर 'पोले पोले' म्हणत राहतो, म्हणजे हळूहळू. पहिले दोन दिवस मला त्याचा राग यायचा. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला (साधारण ४६०० मीटर) मी त्याच्यापुढे निघून गेलो आणि एका दगडाआड सकाळचा सगळा नाश्ता ओकलो. त्याने पाणी दिलं आणि पुन्हा तेवढंच म्हणाला, पोले पोले.

आठ दिवसांचा मार्ग घेतलात ते उत्तम. लाव्हा टॉवरपर्यंत चढून त्याच दिवशी बरांकोला उतरून झोपायचं, हे त्यातलं खरं औषध. शिखराच्या रात्री पाण्याची नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकलायचं. नाहीतर सरळ बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो.

हातमोजे: आत पातळ, वर बोटं एकत्र असणारे जाड. पाच बोटांचे सुटे घेऊ नका.

---

खुसपट | ९ मे

वाईचा माणूस. कमळगड, पांडवगड, वैराटगड अंगणात. ते सोडून आफ्रिकेत डॉलर जाळायला चालला आणि वर भगवा नेणार. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

गवतीचहा | ९ मे

@खुसपट, ते तिन्ही गड त्याने शाळेत असतानाच केलेत, रोज ऐकवतो. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. म्हणाला, बरोबर आहे, पण मी जाणार.

---

डॉ_कडुनिंब | १० मे

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेणार असाल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि घरीच दोन दिवस घेऊन बघा. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, सोडा मचूळ लागतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. उणे तापमानात रात्री तीनदा तंबूची चेन उघडायची तयारी ठेवा.

डोकं दुखणं, भूक मरणं हे चालायचंच. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर तिथे चर्चा करायची नाही. खाली उतरवायचं. 'अजून थोडंच राहिलंय' म्हणून जो हट्ट करतो त्यालाच आधी उतरवायचं. हे तिघांनी घरी ठरवून जा, वर गेल्यावर कोणीच शहाणं राहत नाही.

---

अटकेपार | १० मे

सिडनीहून हजेरी. आमचा मुलगा १२ वर्षांचा असताना कॉझियस्कोला गेलो होतो (२२२८ मीटर, इथलं सर्वात उंच, चक्क फरसबंद वाट आहे). मी हौसेने दोन्ही देशांचे छोटे झेंडे नेले. वर वारा असा की दोन्ही उडाले. मुलगा म्हणाला, बरं झालं, आता आपण वडापाव खाऊ. तुमच्या लेकीची बाजू मला कळते.

---

साखरभात | ११ मे

कामाची सूचना. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, प्रवाशांनाही. साबा बरोबर आहेत म्हणजे चिवडा, मेतकूट, लाडू हे सगळं पिशवीत पिशवी आणि तिच्यात पिशवी असं बांधलेलं असणार. आधीच डब्यांत भरा. (माझ्या आईची बॅग तिथल्या विमानतळावर उघडली होती. पुढचं विचारू नका.)

आणि व्हिसा: भारतीय पासपोर्टला ५० डॉलर, अमेरिकन पासपोर्टला १००.

---

गवतीचहा | ११ मे

नवऱ्याला ५० डॉलरचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो ग्रीन कार्ड मिळालं तेव्हाही नव्हता.

---

मांडवीकाठ | १३ मे

या धाग्यावर लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. मी ६८ वर्षांचा, राहतो लेस्टरला, जन्म दार-ए-सलामचा. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील गोव्यातल्या पेडण्याचे. म्हणजे कागदाने पोर्तुगीज. दारला कारकून होते, म्हणजे नोकरी इंग्रजांची. घरात बोलणं कोंकणी, वाचन मराठी. तिथले गोंयकार बहुतेक ख्रिश्चन, आमच्यासारखी हिंदू घरं मोजकी. आणि त्या काळच्या शिरगणतीत 'इंडियन' वेगळे आणि 'गोवन' वेगळे लिहीत. शेजारच्या गुजराती घराचा रकाना एक, आमचा दुसरा.

९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) स्वतंत्र झाला. मध्यरात्री दारच्या स्टेडियमवर दिवे घालवले, इंग्रजांचा झेंडा उतरवला आणि दिवे लागले तेव्हा हिरवा-काळा-पिवळा वर होता. मी चार वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर. मला आठवतं ते फक्त अंधार झाल्यावर मी रडलो एवढंच, बाकी घरात ऐकून ऐकून माझं झालेलं. त्याच रात्री सैन्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने, अलेक्झांडर न्यिरेंडा त्याचं नाव, किलिमांजारोच्या माथ्यावर नवा झेंडा आणि मशाल लावली. त्याआधी दोन वर्षं तिथले पुढारी न्येरेरे म्हणाले होते की आम्ही या डोंगरावर एक मेणबत्ती लावू, तिचा उजेड आमच्या सीमेपलीकडेही जाईल. ज्या टोकाला जर्मनांनी त्यांच्या कैसरचं नाव दिलं होतं त्याचं नाव 'उहुरू' झालं, म्हणजे स्वातंत्र्य. तेव्हा ताई, वरती झेंडा आधीपासून आहे, हे एक.

आता दुसरं. त्यानंतर बरोबर १० दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. वडिलांनी रेडिओवर ऐकलं. दहा दिवसांत राहत्या गावाचा झेंडा बदलला आणि जन्मगावाचाही. दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसला गेले, कारण महिनाअखेरचा हिशेब लावायचा होता. ('हिशेब' हा शब्द स्वाहिलीतही आहे, हेसाबु.)

पुढे ज्याला त्याला नागरिकत्व निवडायची पाळी आली. थोरल्या काकांनी तिथलंच घेतलं. वडिलांनी ब्रिटिश. आत्या लग्न होऊन म्हापशाला गेली ती भारतीय. एका आईची तीन मुलं, तीन पासपोर्ट. काहींनी हे मुद्दाम ठरवून केलं, सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून. आमच्यात तसं काही ठरलेलं नव्हतं, जो तो आपापल्या घाबरण्याप्रमाणे वागला. १९७१ मध्ये तिथे भाड्याच्या मोठ्या इमारतींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात काकांचीही गेली. पुढच्याच वर्षी शेजारच्या युगांडात हुकूमशहा अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा आमची आई घाबरली आणि आम्ही लेस्टरला आलो. काका मात्र गेले नाहीत. ज्याची इमारत गेली तो राहिला आणि ज्याचं काहीच गेलं नव्हतं तो निघाला. काकांचा देह दारलाच पडला.

तुमच्या लेकीला सांगा, कंटाळा आला तर येऊ दे. आमच्या घरात तो तीन पिढ्या आहे.

आणि तिला जायच्या आधी चार शब्द शिकवून ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. बाबा मात्र बाबाच. बीबी म्हणजे आजी. भारतीय माणूस तो म्हिंदी, आणि महिंदी म्हणजे मका. यात चुकलात तर कणीस व्हाल.

---

खुसपट | १३ मे

काका, दंडवत. (भाऊ या अर्थाने नाही, आपल्या अर्थाने.) पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

---

तिरपागडा | १४ मे

मांडवीकाठ, यावर वेगळा धागा काढा. इथे प्रतिसादात वाया जातंय.

अवांतर: तिरंगा नेणार असाल तर ध्वजसंहितेप्रमाणे तो जमिनीला लागता कामा नये, कंबरेखाली गुंडाळायचा नाही, त्यावर काही लिहायचं नाही. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचाही चालतो. शिखरावर लोक झेंड्यावर गावाचं नाव मार्करने लिहून फोटो काढतात, ते बघवत नाही.

---

गवतीचहा | १४ मे

मांडवीकाठ काका, तुमचा प्रतिसाद रात्री जेवताना मोठ्याने वाचला. साबा म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्याकडे आईला मामा म्हणतात? मग मामाला काय म्हणतात?" उत्तर माहीत असेल तर द्या, त्या रोज विचारतायत.

---

मांडवीकाठ | १५ मे

म्जोंबा.

---

गवतीचहा | ११ ऑगस्ट

परत आलो! सगळे सुखरूप आहोत. धागा वर काढतेय. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पोचल्याच्या संध्याकाळी गेस्टहाऊसच्या दारात गाइड आला. तिशीतला, मोशीजवळच्याच गावचा, तिथल्या चग्गा जमातीचा. साबांना वाकून म्हणाला, "शिकामू, बीबी." शिकामू हा मोठ्यांना करायचा नमस्कार, पण साबांनी ऐकलं ते फक्त 'बीबी'. "बीबी कोणाला म्हणतो रे?" लेकीने समजावलं, तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर आठ दिवस त्या सगळ्या गावाच्या बीबी होत्या.

त्याच रात्री त्यांनी पिशवीतून पुडी काढली. मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी आणि एक खण. हिरवा, तांबड्या काठाचा. मांढरदेवीला काळूबाईची ओटी भरायला नेतात तशी. "एवढा मोठा डोंगर आहे, तर वर कोणीतरी असणारच. तिला रिकाम्या हाताने भेटायचं नाही." लेक म्हणाली, आजी, पार्कात काही टाकायला परवानगी नाही, तांदळाचा दाणाही नाही. साबांनी जरा विचार केला. "मग टाकू नकोस. नुसतं दाखव आणि परत आण." हे तिला पटलं. तांदूळ-सुपारी खालीच राहिली, खण तिने जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. नवऱ्याचे दोन झेंडे त्याच्या पाठपिशवीत, इस्त्रीची घडी न मोडता.

आता ज्याबद्दल कुठे वाचलं नव्हतं ते सांगते. या डोंगरावर प्रत्येक मुक्कामाला रेंजरच्या खोपटात जाऊन जाड रजिस्टरात नोंद करावी लागते. नाव, वय, व्यवसाय, पासपोर्ट क्रमांक आणि राष्ट्रीयत्व. दमून, नाक गळत असताना, सुतळीने बांधलेल्या बॉलपेनने. पहिल्या मुक्कामाला, एम्टी एमकुब्वाला (म्हणजे मोठं झाड, खरंच मोठी झाडं आहेत, वर कोलोबस माकडं), मी सवयीने लिहून गेले 'इंडियन'. पुढच्या रकान्यात पासपोर्ट क्रमांक लिहिताना लक्षात आलं, तो अमेरिकन. मग 'इंडियन' वर काट मारली आणि शेजारी बारीक अक्षरात 'यूएसए' कोंबलं. माझ्यामागे रांगेत नवरा उभा होता. त्याने बघितलं, काही बोलला नाही. त्याने आपलं 'इंडियन' लिहिलं, स्वच्छ, सुटसुटीत.

ती काट मला पुढचे सगळे दिवस दिसत होती. शपथविधीला मी रडले नव्हते, जुना पासपोर्ट परत केला तेव्हाही नाही. तिथे, ३ डिग्रीत, एका बॉलपेनने केलेल्या रेघेने घसा भरून आला. उंचीचा परिणाम म्हणावं तर अजून २८०० मीटरही झालं नव्हतं.

लेकीचा वेगळाच खेळ. पहिल्या दिवशी 'यूएसए'. दुसऱ्या दिवशी 'शिरा एक' या मुक्कामाला 'यूएसए / इंडिया'. तिसऱ्या दिवशी तिने कंटाळून वरच्या ओळीखाली दोन टिंबांची खूण केली, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. वरची ओळ एका कोरियन आजोबांची होती. रेंजरने तिला परत बोलावलं आणि क्रमांक बघत म्हणाला, "दादा, तू कोरियन नाहीस." ती आधी 'दादा'वरच हसत सुटली.

बाकी चढाईचं घाटवाट यांनी सांगितलंय तसंच, नव्याने सांगत नाही. पोले पोले. नवरा पहिल्या दिवशी पुढे पळाला, दुसऱ्या दिवसापासून माणसात आला. हमाल मात्र आपल्या डोक्यावर २० किलोपर्यंत वजन घेऊन (गेटवर काट्यावर तोलतात) आपल्या शेजारून शीळ घालत जातात, तेव्हा आपण कसले गिर्यारोहक असं वाटतं. मला सगळे 'मामा' म्हणायचे. आठव्या दिवसापर्यंत मी वळून बघायला लागले होते.

एक गंमत. सकाळी रोज 'उजी' मिळायची, गरम पातळ लापशीसारखी. तिसऱ्या दिवशी लेक वाटी नाकाशी नेऊन म्हणाली, "ही आजीची पेज आहे." आचाऱ्याला विचारलं, तर पिठात 'उलेझी' आहे म्हणाला. त्याने पुरचुंडी उघडून दाखवली. नाचणी! तेच तांबडं पीठ. लेकीने परत आल्यावर शोधलं, नाचणीचं मूळच पूर्व आफ्रिकेचं, हजारो वर्षांपूर्वी तिकडून भारतात आली. साबांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असेल. आमच्याकडे फार वर्षं आहे ती."

शिखराची रात्र. बराफू तळावरून (बराफू म्हणजे बर्फच, शब्दही तोच) साडेअकराला निघालो. अंधारात पुढच्याच्या बुटाच्या टाचा तेवढ्या दिसतात, वर बघितलं की दिव्यांची माळ आकाशात गेलेली. मी वर बघणं सोडून दिलं. साधारण तीनच्या सुमाराला नवरा दोनदा ओकला. ते ठीक. पण मग तो गाइडला मराठीत विचारायला लागला, "एसटी किती वाजता आहे?" डॉ. कडुनिंब, तुमचं वाक्य आठवलं. मी काही बोलायच्या आत गाइडने त्याला चार पावलं सरळ चालायला सांगितलं. जमलं नाही. साहाय्यक गाइड त्याला घेऊन खाली निघाला. तो हट्ट करत होता. "अजून थोडंच राहिलंय." मी म्हणाले, "घरी ठरलंय." त्याने लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, जा ना रे." गेला.

दोघी चालत राहिलो. स्टेला पॉइंटला (५७५६ मीटर) पोचलो तेव्हा मावेन्झी या शेजारच्या शिखरामागून उजाडत होतं. तिथे बसल्यावर मला आठवलं, झेंडे त्याच्या पिशवीत. लेकीला म्हणाले. ती हसली, पण ओठ फुटले होते म्हणून हसता येईना.

तिथून उहुरूपर्यंत तासभर. डाव्या हाताला हिमनदी. जवळून ती पांढरी नसते, निळसर, भिंतीसारखी सरळ उभी आणि आजूबाजूला नुसती राखाडी माती. एखाद्या घराच्या पडक्या भिंतीचा शेवटचा तुकडा उभा राहावा तशी. १९१२ पासून इथला ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेला, हे वाचलं होतं. वाचणं वेगळं.

पाटीपाशी फोटोची रांग. पुढे सगळे आपापले झेंडे काढून तयार. आमचा नंबर आला. लेकीने जॅकेटची चेन उघडली आणि खण काढला. मी काही सुचवलं नव्हतं, शप्पथ. दोन टोकं धरून तिने तो डोंगराकडे, म्हणजे विवराच्या बाजूला तोंड करून, वर धरला. आजीने सांगितलं होतं, दाखव. आम्हाला मागून रांगेतल्या एकाने हाक मारून फोटो काढून दिला. मग त्याने खणाकडे बोट करून विचारलं, कुठला देश?

लेक म्हणाली, "ब्लाउजपीस."

त्याने गंभीरपणे मान डोलावली. त्याला वाटलं असावं, असेल एखादं बेट.

---

अटकेपार | ११ ऑगस्ट

खिक्! ब्लाउजपीसचं नागरिकत्व मिळवायला किती वर्षं लागतात?

---

डॉ_कडुनिंब | ११ ऑगस्ट

यजमान कसे आहेत ते आधी लिहा.

---

गवतीचहा | ११ ऑगस्ट

ठणठणीत. बराफूला उतरेपर्यंतच अर्धा बरा झाला होता, खाली म्वेकाला पोचेपर्यंत पूर्ण. आता एसटीचं आठवत नाही म्हणतो. मोशीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ढग हटले, गेस्टहाऊसच्या अंगणातून किबो, म्हणजे डोंगराचा मुख्य माथा, स्वच्छ दिसत होता. त्याने केळीच्या बागेत उभं राहून दोन्ही झेंड्यांसह फोटो काढून घेतला. वाईच्या ग्रुपवर तोच गेलाय. खाली कुठून काढला हे लिहिलेलं नाही.

---

खुसपट | १२ ऑगस्ट

मी काही बोलणार नाही. (बोललो तर संपादक येतील.)

पण ते ओटी वगैरे शिकलेल्या मुलीच्या हातात देणं पटलं नाही. देवी-बिवी काही नाही तिथे, झोपलेला ज्वालामुखी आहे.

---

घाटवाट | १२ ऑगस्ट

@खुसपट, सह्याद्रीत कुठल्या गडावर देवी नाही ते सांगा, मग बोलू. आणि तोही सगळा ज्वालामुखीचाच दगड आहे.

ताई, लेकीला विचारा, तिने तो खण का काढला? तिला तर काहीच धरायचं नव्हतं.

---

गवतीचहा | १२ ऑगस्ट

विचारलं नाही. विचारलं की ती उत्तर देईल आणि मग तेच उत्तर कॉलेजच्या निबंधात जाईल.

---

मांडवीकाठ | १४ ऑगस्ट

वाचून फार बरं वाटलं. रजिस्टरातली काट मला दिसली. वडिलांच्या एका जुन्या फॉर्मवर अशी काट आहे, 'पोर्तुगीज' खोडून वर काही न लिहिलेली. तो फॉर्म आम्ही जपून ठेवलाय, कशासाठी ते ठाऊक नाही.

खणाचं पुढे काय झालं? परत आणलात का?

---

गवतीचहा | १४ ऑगस्ट

काका, तेच लिहायचं राहिलं होतं.

गेस्टहाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या, साबांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. आठ दिवस दोघी एकत्र. भाषा एकही सामायिक नाही, पण आम्ही परतलो तेव्हा साबा चुलीपुढे बसून चपात्या लाटत होत्या (चपाती तिथेही चपातीच) आणि त्यांना "अगं मामा, जरा तेल दे" म्हणत होत्या. आपण आईला हाक मारतोय की मामाला, त्यांचं त्यांना ठाऊक.

निघायच्या दिवशी साबांनी पाटावर बसवून त्या बाईंची ओटी भरली. तेच तांदूळ, तीच सुपारी आणि शिखरावरून आलेला तो खण. लेकीने कुठे कुठे नेला होता ते गाइडने त्यांना सांगितलं. त्यांनी तो छातीशी धरला, आत गेल्या आणि एक कांगा घेऊन आल्या. म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात ते मोठं सुती कापड, काठाला म्हण छापलेली असते. जोडीने विकतात, त्यातला एक साबांना आणि एक स्वतःला ठेवला.

आता गंमत. काल साबा तो उलगडून बघत होत्या. कोपऱ्यात बारीक छापलंय: मेड इन इंडिया. म्हणे, "बघ, आपल्याकडूनच गेला होता."

तर बायांनो, आता प्रश्न. साबांना त्याची गोधडी शिवायची आहे, वरच्या बाजूला. गडद जांभळा आणि पिवळा आहे. कांग्याचा रंग जातो का? आणि गेला तर आधी मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायचा?

---

साखरभात | १४ ऑगस्ट

जातो. पहिली तीन धुणी एकटाच धुवा, थंड पाण्यात. रात्रभर मिठात ठेवा, बादलीभर पाण्याला मूठभर. आणि पांढरं अस्तर लावू नका.

---

मांडवीकाठ | १५ ऑगस्ट

आमची आई मिठाबरोबर थोडं व्हिनेगर घालायची. आणि उन्हात नाही, सावलीत वाळवायचा, उलटा.

काठावरची म्हण काय आहे ती जशी दिसते तशी देवनागरीत लिहून टाका, मी अर्थ सांगतो. कधी कधी त्या सवतीला मारलेल्या टोमण्याच्या असतात, गोधडीवर घालायच्या आधी बघितलेलं बरं.

---

गवतीचहा | १५ ऑगस्ट

अरे देवा. थांबा, चष्मा आणते.